सपाट डोक्याचे डोंगर

चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र काढायला सांगितले की मराठी शाळेतली पोरे काय काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, तिथून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत आलेली नदी, एक झोपडी आणि आकाशात चार कावळे. चंद्रपूरजवळच्या ज्या कोळसाखाणीच्या वसाहतीत आम्ही वाढलो, तिथल्या शाळेतही हे सगळे असायचे. नदी होती, सूर्य तर गरजेपेक्षा जास्तच होता. फक्त डोंगरांचे डोके सपाट असायचे. बाहेरगावाहून बदलून आलेल्या एका बाईंनी विचारले, ‘डोंगराला शेंडा का नाही रे?’ मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘बाई, शेंडा असला तं डंपर कसा चढंल?’

बाईंना ते कळायला आठवडा लागला. पोरांनी डोंगर म्हणून जे पाहिले होते ते ओबीचे ढिगारे होते. उघड्या खाणीत कोळशावरची माती, मुरूम आणि वालुकाश्म खरवडून शेजारी रचत जातात. त्याला कागदोपत्री ओव्हरबर्डन म्हणतात, वस्तीत नुसते ओबी. डंपर वर चढतो, मागचा भाग उचलून माती ओततो आणि उतरतो. म्हणून माथा सपाट राहतो.

आज १ मे. मुंबईत हुतात्मा चौकात फुले वाहिली जातील, जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वजारोहण होईल, कामगार संघटनांच्या सभा होतील. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्याला या तारखेचा आणखी एक संदर्भ आहे आणि तो फारसा कुणी मिरवत नाही. १ मे १९७३ रोजी देशातल्या कोकिंगेतर कोळशाच्या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या. त्यांचे व्यवस्थापन त्याआधी जानेवारीअखेरच एका वटहुकुमाने ताब्यात घेतले गेले होते. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, आणि चंद्रपूर शहराला चिकटलेल्या महाकाली, लालपेठ, रय्यतवारी या खाणपट्ट्यात काल मालकाचा असलेला मजूर सरकारी झाला. दोन वर्षांनी कोल इंडिया आणि तिच्या पोटात नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. वेकोलि हे त्या कंपनीचे मराठी संक्षिप्त रूप आमच्या पिढीने बाराखडीच्या आधी पाठ केले. आजची ही जागा त्या पिढीसाठी.

कोळसा अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून निघत होता. वरोऱ्याला इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात खाण काढली आणि ते काळे धन वाहून न्यायला वर्ध्याहून रेल्वे आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती खाण संपली आणि लक्ष बल्लारपूरकडे वळले. आज वरोरा म्हटले की मराठी माणसाला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे, पण तिथले लोहमार्ग कोळशासाठी आले होते हे वरोऱ्याच्या बाहेर सांगितले तर लोक चकित होतात. बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी, किल्ला वर्धा नदीच्या काठावर. पुढे चंद्रपूर राजधानी झाली, तिला परकोट आला, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे आले. आमच्या लहानपणी मास्तर म्हणायचे, ‘राजाले माहीत असतं तं त्यानं किल्ला बांधलाच नसता, खदानच खोदली असती.’ वर्गात हशा व्हायचा. मास्तरांनाही खाण सुटली नव्हती, त्यांचा मोठा भाऊ खाणीत हॉलेजवर होता.

वसाहतीतल्या मुलाची ओळख वडिलांच्या टोकन नंबरावरून होत असे. पाळीला जाताना माणूस पितळी बिल्ला लॅम्परूमच्या खिडकीत द्यायचा आणि टोपीवर लावायचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. कोणत्या खिळ्याला बिल्ला अजून लटकतो आहे, यावरून कोण अजून जमिनीखाली आहे ते कळे. किराणा दुकानाच्या वहीत, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, क्वार्टरच्या दारावर आणि राशनच्या रांगेत तोच नंबर चाले. दोन माणसांचे एक नाव असले तरी नंबर वेगळा असायचा, त्यामुळे दुकानदार नाव विचारतच नसे. पोरे एकमेकांना वडिलांच्या नंबराने हाका मारत. ‘ए तीनशे अकरा, येतं का खेळाले?’ मामाच्या गावाला गेलो की तिथे लोक आडनाव, कूळ, गाव विचारत. उत्तर देताना आम्ही आधी थोडे अडखळायचो, मग आडनाव आठवायचे.

वसाहतीत दुपारी आवाज करायचा नसतो हे आम्हाला चालायला येण्याआधी कळले असावे. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. एकाच भिंतीला लागून चार घरे, त्यांत कुणी ना कुणी झोपलेला. गिल्लीदांडू खेळायचे तर लांब, साइडिंगच्या पलीकडे. शेजारच्या काकांच्या झोपेची पाळी कोणती, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असे, आणि आठवडा बदलला की ते पुन्हा नव्याने पाठ करावे लागे. उन्हाळ्यात ही शांतता भयाण वाटायची. चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती आता दूरदर्शनवर गाजते, पारा ४७ वर गेला की देशभर बातमी होते. तेव्हा पत्र्याखाली ओला टॉवेल अंगावर टाकून झोपलेली माणसे पाहून आम्हाला वाटे, जमिनीखाली नक्कीच इथल्यापेक्षा बरे असेल. बाप एकदा म्हणाला, ‘खाली थंड आहे, पण खालची थंडी आंगाले चांगली नाही.’ त्यापुढे त्याने काही सांगितले नाही. पाळीवरून आलेली माणसे खालच्या गोष्टी घरी आणत नसत. खालचे जे काही घरी यायचे ते कपड्यांना लागून यायचे.

संध्याकाळी सिगड्या पेटत. घरापुरता कोळसा कामगाराला मिळायचा, तो मजुरीच्या कराराचाच भाग होता. आता त्याऐवजी गॅसचे पैसे मिळतात. कच्चा कोळसा पेटताना पिवळसर, बोचरा धूर सोडतो, म्हणून सिगडी आधी बाहेर ओट्यावर ठेवायची, धूर मरू द्यायचा, निखारे लाल झाले की चिमट्याने धरून आत न्यायची. गल्लीतल्या पन्नास सिगड्या एकदम पेटल्या की धुराचा थर छपरांच्या उंचीवर आडवा पसरायचा. हिवाळ्यात तो सकाळपर्यंत हलत नसे. त्या वासाला आम्ही घराचा वास म्हणायचो. आज त्याच वासाला काय म्हणतात ते आम्हाला माहीत आहे, आणि २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची जी यादी काढली तिच्यात चंद्रपूर चौथे होते हेही. तरी कुठे कोळसा पेटल्याचा वास आला की पहिल्यांदा भूकच लागते. शरीराची ही बेइमानी कुणाला समजावून सांगणे अवघड आहे.

खेळणी खाणीतूनच यायची. वर्कशॉपमधून टाकून दिलेल्या बेअरिंगांना लाकडी फळी ठोकली की गाडी तयार. उतारावरून ती सुटली की जो आवाज होई त्याने रातपाळीवाल्यांच्या शिव्या हमखास मिळत. कन्व्हेयरचा जुना पट्टा तर सर्वगुणसंपन्न: दारात पायपुसणे, कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर, चपलेचा तळवा आणि क्रिकेटची खेळपट्टी, सगळे त्यातूनच. सगळ्यांत देखण्या असत त्या डेटोनेटरच्या तारा. सुरुंग उडून गेल्यावर लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या बारीक तारांचे तुकडे उरत. बायका त्यांच्या टोपल्या, फुलदाण्या, दारावरची तोरणे विणत, मुली बांगड्या करत. कुणाच्याही घरी जा, दूरदर्शन संचावर या तारांचे मोर बसलेले दिसायचे. त्या तारा कशाच्या आहेत हे आम्हाला माहीत होते आणि त्याचे काहीच वाटत नव्हते. पुढे उघडी खाण जवळ आली तेव्हा दुपारचा सुरुंग ठरल्या वेळी व्हायचा. आई त्याआधी फळीवरची काचेची भांडी खाली काढून ठेवायची, धक्का बसून गेला की परत वर लावायची. कितीतरी वर्षे आम्हाला वाटत होते की जगातल्या सगळ्या आया हे करतात.

वसाहतीची भाषा कोणत्याही व्याकरणात सापडणार नाही. गोरखपूरकडचे लोक होते, बिलासपूरकडचे होते, करीमनगर-आदिलाबादचे तेलुगू होते, ओडिया होते, आणि आजूबाजूच्या गावांतले कुणबी, तेली, माना, गोंड, नवबौद्ध होते. एकाच वाक्यात क्रियापद झाडीबोलीचे, कर्म हिंदी आणि शिवी तेलुगू, असा मामला. दसऱ्याच्या आसपास बोनस व्हायचा आणि त्याच दिवसांत तेलुगू घरांतून बतुकम्मा निघायची. गुनुगूच्या आणि झेंडूच्या फुलांचे थर रचलेली परात डोक्यावर घेऊन बायका नाल्याकडे जात. सप्टेंबरात वर्कशॉपमध्ये विश्वकर्मा पूजा, दिवाळीनंतर छठ, १४ एप्रिलला निळे झेंडे. चैत्रात मात्र सगळे एकाच दिशेने चालत. चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून माणसे येतात, झरपटीच्या पात्रात राहुट्या पडतात, पोतराज, जोगतिणी, हलगी. देवीच्या देवळापासून महाकाली खाण हाकेच्या अंतरावर. यात्रेतला मराठवाड्याचा माणूस विचारायचा, ‘देवीच्या नावाची खाण कशी काय?’ आमचे लोक म्हणत, ‘देवी तिथं आधीपासून आहे, नाव खदानीनं घेतलं.’

आणि जंगल. चंद्रपूर-गडचिरोली हे जिल्हे मुळात जंगलाचे आहेत, कोळसा हा त्यांचा खालचा मजला. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत वेगळा जिल्हा नव्हता. सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत सगळा चांदाच, म्हणजे चंद्रपूरच. भूमिगत खाणीचे छत ज्या खांबांवर तोलायचे ते लाकडाचे, आणि लाकूड याच जंगलातले. टिंबर मिस्त्री हा खाणीतला मानाचा माणूस. लोखंडी आधार आले तेव्हा जुन्या लोकांना ते आवडले नाहीत. कारण साधे होते. लाकूड मोडण्याआधी करकरते, माणसाला पळायला वेळ देते. लोखंड मुकाट्याने वाकते. ‘लाकूड बोलते’ हे वाक्य आम्ही घरात इतक्यांदा ऐकले की रात्री घराच्या वासे-फळ्यांची खुडबुड झाली तरी दचकून उठायचो.

उन्हाळ्यात शाळा सुटली की मोहफुले, टेंभरे, चारे यांच्यासाठी पोरे जंगलात जात. अस्वलाची भीती होती, वाघाची तेवढी नव्हती. तेंदूपत्त्याच्या हंगामात आसपासच्या गावांतली वर्गमित्र-मैत्रिणी पंधरा दिवस दिसत नसत, घरचे पुडे बांधायला जात. खाणीच्या पोराला सुट्टी होती, जंगलाच्या पोराला हंगाम होता. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या बालपणातला हा फरक आम्हाला फार उशिरा दिसला. ज्या १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात, याच तेव्हाच्या अखंड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. दोनशे किलोमीटरच्या आत एकीकडे पगार, पाळी आणि बोनस पोहोचत होता आणि दुसरीकडे पहिला डॉक्टर.

या सगळ्याला फुलांची माळ घालण्याचा आमचा इरादा नाही. वसाहतीत पगाराच्या दिवशी गेटवर दोन प्रकारची माणसे उभी असत: सावकार आणि बायका. सावकार व्याज घ्यायला, बायका नवऱ्याला दारूच्या गुत्त्याआधी गाठायला. कोण आधी पोहोचते यावर त्या घरचा महिना ठरे. चंद्रपूरच्या बायकांनी पुढे वर्षानुवर्षे दारूबंदीसाठी मोर्चे काढले, २०१५ मध्ये ती झाली, २०२१ मध्ये उठली. तिच्या गुणदोषांवर इथे वाद घालत नाही, पण त्या मोर्चांत चालणाऱ्या कितीतरी जणी लहानपणी आईचे बोट धरून त्या गेटवर उभ्या राहिल्या असतील एवढे आम्ही सांगू शकतो. साहेबांची कॉलनी वेगळी होती, तिथे चोवीस तास पाणी आणि बाग होती, आमच्याकडे टँकर. आमच्या वडिलांचा खोकला निवृत्तीआधी सहा वर्षे सुरू झाला. तपासणीच्या कागदावर दरवर्षी ‘तंदुरुस्त’ असे लिहून येई. घरात रोज गुळाचा खडा दिला जायचा, गुळाने छातीतली कोळशाची धूळ उतरते अशी आईची पक्की समजूत. कागदापेक्षा गुळावर तिचा विश्वास जास्त होता.

भीती बोलून दाखवायची पद्धत नव्हती. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशे माणसे गेली, तेव्हा वसाहतीत कितीतरी दिवस रेडिओभोवती गर्दी असे. चार वर्षांनी त्या घटनेवर बेतलेला ‘काला पत्थर’ आला. तो आमच्याकडे मैदानात पडदा लावून दाखवला. मुलांनी टाळ्या पिटल्या, मोठी माणसे अमिताभवर हसत होती. ‘एवढं उंच छत कोणत्या खदानीत असते बावा? याले तं वाकावंच लागत नाही.’ पाणी घुसण्याचा प्रसंग आला तेव्हा हसणे थांबले. बरेच जण उठून घरी गेले. सिनेमा संपायला अजून वेळ होता.

ज्या जगाचे हे वर्णन आहे ते आता तिथे नाही. म्हातारपणी सगळ्यांनाच असे वाटते, ही त्यातली गोष्ट नव्हे. इथे ‘तिथे’ हीच जागा उरलेली नाही. भूमिगत खाण गावाखालून जाते, वर गाव राहते. उघडी खाण गावच उचलते. भूमिगत खाणी खर्चाला परवडत नाहीत म्हणून एकेक बंद होत गेल्या आणि उघड्या खाणी पसरल्या, कारण त्यांना माणसे कमी लागतात आणि कोळसा जास्त निघतो. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याला कोल इंडियाच्या धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी. या एका नियमाने वर्धा आणि इरईच्या खोऱ्यात भावाभावांत, सासू-सुनांत आणि मेहुण्या-मेहुण्यांत जी महाभारते घडवली ती लिहायला व्यास पुरणार नाही. गावातल्या पोरांनी पाहिले ते असे: एक वर्ष दारात नवी गाडी, पुढच्या वर्षी शेत नाही, तिसऱ्या वर्षी शाळा हलली, चौथ्या वर्षी देऊळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये देशभरातले २१४ कोळसा पट्टे रद्द केले तेव्हा भद्रावती तालुक्यातल्या बरांजची खाणही त्यात होती. खाण थांबली, गाव मात्र अर्धे उठलेले तसेच राहिले. पुढे खाण पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत तिथे जी मुले लहानाची मोठी झाली त्यांचे बालपण कोणत्या खात्यावर जमा धरायचे?

जिथे वरचे गाव राहिले तिथेही खालच्या पोकळीचा हिशेब पुरा झालेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. खाली जुन्या खाणीची पोकळी. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून ती बातमी दोन दिवसांत जुनी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला आणि लागलीच दुर्गापूर भागात बिबट्याने सोळा वर्षांच्या मुलाला मारले. सपाट डोक्याच्या डोंगरांवर वेडी बाभूळ माजली आहे, त्या झुडपांत आता वाघ-बिबटे राहतात. आमच्या चित्रांत जे डोंगर नुसते मातीचे होते त्यांना आता जंगल म्हणावे लागते. खरे जंगल ताडोब्याच्या दिशेने मागे सरकले.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा प्रांत आहे. कोळसाखाणीच्या गावातले बालपण म्हटले की जगाला तो आठवतो, कारण तिथल्या लोकांनी ते लिहून ठेवले, गाऊन ठेवले. रिचर्ड लेव्हेलिनची ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ ही कादंबरी १९३९ ची, दोन वर्षांत तिच्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपटही निघाला. ब्रिटनची आरोग्यसेवा उभी करणारा अन्यूरिन बेवन हा तिथलाच, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला पोरगा. खाणकामगारांनी मजुरीतले पैसे वर्गणी म्हणून देऊन गावोगाव वाचनालये उभी केली. खाणी बंद पडू लागल्या, वाचनालये मोडीत निघू लागली, तेव्हा ती पुस्तके वाचवायला आणि म्हाताऱ्या कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती जपायला स्वान्सीला ‘साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी’ सुरू झाली. वर्ष १९७३. त्याच वर्षी आमच्या खाणी सरकारी होत होत्या.

त्याच वेल्सने दुसराही धडा दिला आहे. अ‍ॅबरफॅन नावाच्या गावावर खाणीच्या मातीचा ढिगारा रचलेला होता, तोही झऱ्यावर. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, तो घसरून शाळेवर आला. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले. चौकशी मंडळाने सरकारी कोळसा मंडळाला दोषी धरले. खाणी तिथे १९४७ पासूनच राष्ट्राच्या मालकीच्या होत्या. उरलेले ढिगारे हलवण्याचा खर्च भागवायला मृतांच्या कुटुंबांसाठी जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले आणि ते परत मिळायला १९९७ उजाडले. इरईच्या काठाने जाणाऱ्या कुणीही डावीउजवीकडे पाहावे आणि पावसाळ्यात तिथल्या सपाट डोंगरांच्या पायथ्याशी काय आहे ते मोजावे. आम्ही भय दाखवत नाही. पण ढिगाऱ्यांच्या उताराची, निचऱ्याची आणि पायथ्याशी असलेल्या वस्त्यांची पाहणी दरवर्षी पावसाआधी जाहीर व्हावी, ही मागणी १ मे रोजी करण्याइतकी वाजवी नक्कीच आहे.

मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले, त्यावरून ‘लालबाग परळ’ निघाला. गिरण्या बंद झाल्या तरी त्यांचा भोंगा मराठीत वाजत राहिला. चांद्याच्या कोळशाला मराठीत तेवढी जागा मिळाली नाही. याला एक कारण आहे, ते जरा टोचणारे आहे. गिरणगाव मराठी होते. आमची वसाहत अर्धी मराठी होती, आणि अर्ध्या मराठी माणसाचे दुःख कुणाच्या भाषेचे, हा प्रश्न कुणी सोडवायला घेतला नाही. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांनी देसाईगंज-वडशाहून निघून धानाच्या हंगामानंतर गावोगाव रात्री जागवल्या, त्या नाटकांत जमीनदार आहे, नक्षलवादी आहे, दारुडा आहे. खाणीतला माणूस तिथे क्वचितच उभा राहिला.

आणि हे लिहून ठेवायची घाई एवढ्यासाठी, की पुढची पिढी तयार होते आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. उत्खननाची परवानगी २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा आहे. कुणाला नोकरी लागली आहे, कुणाच्या अंगणात लाल धूळ आहे, बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच घरात. ज्या डोंगरावर माडिया लोक ठाकुरदेवाच्या यात्रेला जातात तोच डोंगर आता पाळीने चालतो. आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावरून ट्रक जाताना बाजूला उभी असलेली पोरे पाहिली की आम्हाला आमची गल्ली आठवते. त्यांच्या चित्रातले डोंगर कसे असतील? आमच्या वेळी कुणी विचारले नव्हते. त्यांना तरी विचारा, आणि माडियात उत्तर आले तर माडियातच लिहून घ्या.

राष्ट्रीयीकरणाच्या आधी खाणीत लागलेली बहुतेक माणसे आता गेली आहेत. त्यानंतर लगेच लागलेलीही साठीच्या पुढे पोहोचली. निवृत्त झाले की क्वार्टर सोडावे लागते, मुले पुण्याला, हैदराबादला नेतात, आणि गोरखपूरची माणसे गोरखपूरला परततात. एका मिनी ट्रकमध्ये एका घराच्या चाळीस वर्षांच्या गोष्टी भरून जातात, त्यात डेटोनेटरच्या तारांचा मोर नसतोच, तो आदल्या रात्री कुणीतरी कचऱ्यात टाकलेला असतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी, गोंडवाना विद्यापीठाने, कामगार संघटनांनी आणि कंपनीनेही एक काम हाती घ्यावे: बंद पडलेल्या एखाद्या खाणीची लॅम्परूम शाबूत आहे का पाहावी, असेल तर तिथे या माणसांना बसवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हिंदीत, तेलुगूत, झाडीबोलीत, ज्या भाषेत ते येईल त्या भाषेत. भव्य संग्रहालय नको, उद्घाटनाला मंत्री नको. एक खोली, एक यंत्र आणि ऐकणारा कुणीतरी पुरे.

वाचकांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा कुणी म्हातारा असेल तर आज त्याला नाव विचारू नका, टोकन नंबर विचारा. तो लगेच सांगेल आणि मग बराच वेळ बोलेल. ते लिहून आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. सुरुवात आमच्यापासून करतो. आमच्या वडिलांचा नंबर सातशे चौदा होता.